तळाची वाळू

रीफ टँकमधली, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली, जवळजवळ प्रत्येक गोष्ट मागाहून बदलता येते. दिवा कमी पडला तर दुसरा लावता येतो, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर लहान निघाला तर मोठा घेता येतो, प्रवाळाचा तुकडा एका खडकावरून काढून दुसऱ्यावर चिकटवता येतो. तळाच्या वाळूचे तसे नाही. तिच्यावर खडक बसले, तिच्यात मासे आणि कोलंब्या बिळे करून राहू लागल्या, की तिला हात घालणे म्हणजे अख्खी टाकी नव्याने मांडणे. तरीही दुकानात गेलेला माणूस दिव्याची चौकशी तासभर करतो आणि वाळू मात्र रंग पाहून पाच मिनिटांत उचलतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वाळू टाकीतल्या पाण्याला मानवणारी हवी, तिच्यात राहणाऱ्या जिवांच्या सोयीची हवी, हे सगळेच सांगतात. पण त्याहून मोठी अट तिसरी आहे: ती सांभाळणाऱ्या माणसाला झेपणारी हवी. तळाची जाडी आणि दाण्याचा आकार ठरवताना आपण पुढच्या तीन-चार वर्षांच्या कामाचा करार करत असतो. तो डोळे उघडे ठेवून करावा.

पांढरी वाळू येते कुठून

लक्षद्वीपच्या किंवा मालदीवच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू डोंगरातून वाहून आलेली नसते. तिथे ना डोंगर, ना नदी. ती वाळू तिथल्या तिथे, जिवांच्या शरीरांतून तयार होते. प्रवाळांचे सांगाडे, शंखशिंपल्यांच्या कपच्या, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचे, हॅलिमेडा या हिरव्या शैवालाच्या चुन्याने भरलेल्या चकत्या, या सगळ्यांचा तो चुरा असतो. आणि हा चुरा करण्यात लाटांइतकाच, काही ठिकाणी लाटांहूनही मोठा वाटा एका माशाचा असतो. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्यावरचे शैवाल पचवतो आणि घशातल्या दातांनी दळलेला चुना मागे टाकून देतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाच्या रीफवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांच्या पोटातून आलेली होती. ज्या बेटावर माणसे उभी राहतात ते बेटच एका माशाच्या चरण्यातून उभे राहते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

बहामाच्या उथळ समुद्रात आणखी एक प्रकारची वाळू मिळते. तिथले कोमट पाणी चुन्याने भारलेले असते आणि भरती-ओहोटीने सतत हलत असते. कवचाच्या एखाद्या सूक्ष्म कणाभोवती चुन्याचे थर चढत जातात आणि दोन मिलिमीटरहून लहान, गोल, गुळगुळीत दाणे तयार होतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना ऊइड म्हणतात. दुकानात हीच वाळू ऊलाइट या नावाने विकली जाते.

या दोन्ही वाळूंतले मुख्य खनिज एकच, ॲरागोनाइट. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, पण त्यातले स्फटिक कॅल्साइटचे. त्यांची रचना वेगळी आणि पाण्यात विरघळण्याचा कल थोडा कमी. रीफ टँकसाठी ॲरागोनाइट घ्यावे यावर बहुतेकांचे एकमत आहे. त्यामागे दिले जाणारे कारण मात्र तपासून घेण्यासारखे आहे.

पिशवीवर छापलेले असते की ही वाळू पाण्याचा पीएच सांभाळते. या वाक्यावर विसंबून राहू नये. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे वरचे पाणी ॲरागोनाइटच्या बाबतीत संपृक्ततेच्या मर्यादेच्या तीन-चार पट पुढे गेलेले असते. ८.१ ते ८.३ पीएच असलेल्या टाकीचेही तसेच. अशा पाण्यात ॲरागोनाइट विरघळत नाही; उलट प्रवाळ त्याच पाण्यातून चुना उचलून आपला सांगाडा बांधत असतात. विरघळते ते फक्त वाळूच्या पोटात, जिथे जिवाणूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली आलेला असतो, आणि तेही थोडेच. कॅल्शियम रिॲक्टरमध्ये हाच चुना विरघळवायचा असेल तर कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. म्हणून कठीण प्रवाळ वाढवणाऱ्याने कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर, क्षारता ७ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवण्यासाठी स्वतंत्र डोसिंग करायचेच असते. वाळू ते काम करणार नाही.

मग ॲरागोनाइटच का? कारण ते पाण्यात परके काही सोडत नाही. त्याचे दाणे फार धारदार नसतात. ते उजळ असते, त्यामुळे दिव्याचा प्रकाश खालूनही प्रवाळांवर परततो. आणि रीफवरचे वाळूत राहणारे जीव पिढ्यान् पिढ्या याच वाळूत जगत आले आहेत.

कोकणातून दोन पिशव्या आणल्या तर?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू प्रवाळ बेटांसारखी निव्वळ चुन्याची नाही. तिच्यात क्वार्ट्झ असते, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुरा असतो, शिंपल्यांच्या कपच्या असतात. रत्नागिरीजवळ काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर तर वाळूत काळे पट्टे दिसतात. ते इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे. शिवाय किनाऱ्यालगतच्या वाळूत बोटींचे तेल, पावसाळ्यात वाहून आलेली खते आणि सांडपाणी मुरलेले असते. आणि कायदा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार किनाऱ्यावरच्या वाळूच्या उपशावर निर्बंध आहेत. प्रवाळांचे तर बोलायलाच नको. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली रीफ बांधणाऱ्या सगळ्या कठीण प्रवाळांचा समावेश झाला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. लक्षद्वीपहून आठवण म्हणून खिशात घालून आणलेली कांडी हाही गुन्हाच आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्या दिवाणखान्यातल्या रीफसाठी खरी रीफ खरवडायची, यात शौकच उरत नाही.

दुकानातली वाळू खरोखर चुन्याची आहे की नाही हे घरी पाहता येते. काचेच्या ग्लासात चमचाभर कोरडी वाळू घ्या आणि ती बुडेल एवढे पांढरे व्हिनेगर ओता. ॲरागोनाइट असेल तर लगेच बारीक फेस येतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. काही वेळाने फेस थांबतो. व्हिनेगर बदलत राहिलात तर दोन-तीन दिवसांत ग्लासात फारसे काही उरत नाही. जे उरेल ते चुना नव्हे. त्याच वाळूची दुसरी मूठ पांढऱ्या ताटलीत पसरून तिच्यावरून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. कागदाला काळे कण चिकटले तर ती पिशवी परत करा.

बांधकामाची क्रश सँड तर टाकीत अजिबात नको. महाराष्ट्रात ती बहुतेक बेसॉल्ट फोडून केलेली असते. रंगाने काळी आणि कडा धारदार. रंग दिलेले खडे, मग ते कितीही आकर्षक दिसोत, खाऱ्या पाण्यात घालू नयेत. सिलिका वाळूबद्दल मात्र थोडे मवाळ बोलावे लागेल. तिच्यामुळे पाण्यात सिलिकेट सुटते आणि डायटम नावाचे तपकिरी शैवाल माजते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात क्वार्ट्झ इतके कमी विरघळते की ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. नवीन टाकीत ॲरागोनाइट असले तरी डायटम येतातच. तिची खरी अडचण धारदार दाण्यांची आहे. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळणाऱ्या गोबी माशांना ती बोचते.

दाणा केवढा

आता मुख्य मुद्दा. बाजारात साधारण तीन जाती मिळतात. एक मिलिमीटरहून बारीक, जिला दुकानदार शुगर फाइन म्हणतात ती. एक ते दोन मिलिमीटरची मध्यम. आणि दोन ते पाच मिलिमीटरचा क्रश्ड कोरल म्हणून विकला जाणारा भरड चुरा.

वाळूच्या प्रत्येक दाण्यावर जिवाणूंचा थर वाढतो, आणि टाकीतली घाण पचवण्याचे काम हा थर करतो. दाणा जितका बारीक तितका या थराला पृष्ठभाग जास्त. हिशेब करून पाहू. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाच्या टाकीत ४ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर १६ लिटरच्या आसपास वाळू लागते. दाणे एक मिलिमीटर व्यासाचे आणि गोल धरले, मधल्या मोकळ्या जागा वजा केल्या, तर एका लिटरमधल्या दाण्यांचा एकूण पृष्ठभाग साडेतीन चौरस मीटरहून थोडा जास्त भरतो. १६ लिटरचा झाला ५८ चौरस मीटर, म्हणजे सव्वासहाशे चौरस फूट. मुंबईतल्या वन बीएचकेएवढी जागा त्या चार सेंटिमीटर वाळूत दडलेली असते. दाणा अर्ध्या मिलिमीटरचा घेतला तर हाच आकडा दुप्पट.

यावरून बारीक वाळू घ्यावी असे वाटेल. पण बारीक वाळूच्या दाण्यांमधून पाणी वाहत नाही. पाणी हलते ठेवणाऱ्या वेव्हमेकर पंपाच्या झोताने ती उडते, टाकीत एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला उघडी काच दिसू लागते. तिच्यावर घाण वरच्या वर पडून राहते, जी उचलणे त्यातल्या त्यात सोपे असते. भरड चुऱ्याचे उलटे आहे. झोताने तो हलत नाही, पण माशांचे उरलेले खाणे आणि विष्ठा त्याच्या फटींत खोल उतरते, तिथेच कुजते आणि महिनोन् महिने नायट्रेट पाझरत राहते. दर आठवड्याला तळ सायफन करणाऱ्याच्या घरीच भरड चुरा टिकतो. बहुतेकांच्या टाकीत तो टिकत नाही, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे. एक ते दोन मिलिमीटरची मध्यम वाळू घ्या. जोरदार झोत लागणारे ॲक्रोपोरासारखे प्रवाळ ठेवले तरी ती बऱ्यापैकी जागेवर राहते, आणि सायफनच्या नळीत वर उचलली जाऊन पुन्हा खाली बसते.

एक जुना प्रयोग

वाळूत हे जिवाणू असतात आणि ते काम करतात, हे पहिल्यांदा दिसले ते १८७७ साली, फ्रान्समध्ये. तेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युंत्झ हे दोघे सांडपाणी स्वच्छ करण्याच्या प्रश्नावर काम करत होते. त्यांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडले. साधारण २० दिवस काहीच झाले नाही. वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवसापासून सुरू झाली असती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे बंद पडले. म्हणजे काम करणारे जिवंत होते. पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

वाळू, चुनखडी आणि वीस दिवसांची वाट: नवीन रीफ टँक भरताना आपण हाच प्रयोग पुन्हा करतो. अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट, ही साखळी बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. ओल्या पिशवीतली, जिवाणूंसकट विकली जाणारी लाइव्ह सँड घेतली किंवा एखाद्या ओळखीच्या निरोगी टाकीतली मूठभर वाळू पेरली तर हा काळ कमी होतो, शून्य होत नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबावेच लागते.

थर किती जाड

नायट्रेटच्या पुढची पायरी जाडीवर अवलंबून आहे. वाळूच्या वरच्या थरात ऑक्सिजन असतो. खाली जावे तसा तो संपतो, कारण वरचेच जिवाणू तो वापरून टाकतात. ऑक्सिजन संपतो तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी निघून जातो. टाकीतून नायट्रेट कायमचे घालवण्याचा हा नैसर्गिक मार्ग. त्याहूनही खाली, जिथे नायट्रेटही उरत नाही, तिथे जिवाणू सल्फेटकडे वळतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे त्यांना कच्च्या मालाची ददात नसते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो: कुजक्या अंड्यांच्या वासाचा, माशांसाठी जहाल विषारी वायू. वाळूतले काळे डाग लोह आणि या वायूच्या संयोगाने पडतात.

या खालच्या थराचा उपयोग करून घ्यावा की तो तयारच होऊ देऊ नये, यावर रीफ टँक ठेवणाऱ्यांत चार दशके वाद चालू आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत बर्लिनच्या शौकिनांनी तळाला काहीच न घालता फक्त लाइव्ह रॉक (जिवाणू आणि इतर जीव वसलेले खडक), स्किमर आणि तेज दिव्यांवर टाक्या चालवल्या. त्याच सुमारास नीस विद्यापीठातले झां जोबेर यांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांनी तळापासून थोडी वर छिद्रांची जाळी बसवली, खाली पाण्याची पोकळी ठेवली आणि जाळीवर चुन्याच्या वाळूचा जाड थर दिला. मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयात याच पद्धतीवर जिवंत प्रवाळांच्या मोठ्या टाक्या वर्षानुवर्षे चालल्या. नंतर अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीशिवाय, दहा सेंटिमीटरहून जाड बारीक वाळूचा पुरस्कार केला. त्यांचा भर वाळूतल्या किड्यांवर होता: सूक्ष्म कृमी, कोपेपॉड, ॲम्फिपॉड वाळू सतत पोखरत राहिले तरच जाड थर निरोगी राहतो, हे त्यांनी ठासून सांगितले.

या सगळ्या पद्धती चालतात, आणि चालवणारा ढिला पडला की सगळ्याच बिघडतात. उघडा तळ सर्वांत स्वच्छ, पण वाळूतले जीव त्यात ठेवता येत नाहीत, आणि काचेवर पडलेली घाण रोज दिसते. जाड थर कमी कष्टाचा वाटतो. मात्र त्याला वर्षभर मुरू द्यावे लागते, नंतर हलवायचे नसते, आणि बिघडला तर तो एकाच दिवसात टाकी संपवू शकतो. माझा कौल तीन ते पाच सेंटिमीटरला आहे. या जाडीत अमोनिया पचतो, तळ सायफनने साफ करता येतो आणि सल्फाइडचा साठा सहसा होत नाही. नायट्रेटचे काम खडकांच्या आतल्या छिद्रांत होऊ द्या आणि उरलेले नायट्रेट पाणी बदलून काढा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने तर जाड थराच्या वाटेला जाऊच नये. आपल्याकडे करार ११ महिन्यांचा असतो. जाड थर मुरतो न मुरतो तोच टाकी रिकामी करायची वेळ येते.

एक अपवाद आहे, तो रहिवाशांचा. हॅलिकोरिस जातीचे रॅस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात; त्यांना निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवीच. जॉफिश उभे बीळ खणतो. त्याला दहा सेंटिमीटरहून जास्त जाडी आणि बारीक-भरड तुकड्यांचे मिश्रण लागते, नाहीतर भिंती ढासळतात. पिस्टल कोलंबी आणि गोबीची जोडी ठेवणार असाल तर तीही तशीच सोय मागते. ही जोडी पाहण्यासारखी असते. कोलंबीला फारसे दिसत नाही. ती दिवसभर बीळ उपसत असते आणि गोबी दाराशी पहारा देतो. बाहेर येताना कोलंबी आपली लांब मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघे आत गडप होतात. भरड तुकडे मिळाले तर कोलंबी ते दारावर तुळईसारखे आडवे रचते. हे बघायचे असेल तर टाकीचा एक कोपरा तिच्या मनासारखा करून द्यावा, बाकी तळ उथळ ठेवावा.

वाळू घालताना

वजनाचा अंदाज सोपा आहे: लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा, लिटर मिळतील, लिटरला दीडने गुणले की किलो. वरच्या हिशेबातल्या टाकीला २४ किलो लागतील.

कोरडी वाळू बादलीत थोडीथोडी घेऊन नळाच्या पाण्याने धुवा, पाणी दुधाळ येणे थांबेपर्यंत, आणि शेवटचे पाणी आरओचे घ्या म्हणजे क्लोरीन राहत नाही. ओली लाइव्ह सँड धुवायची नाही. खडक आधी, वाळू नंतर, हा क्रम मोडू नका. वाळूवर ठेवलेल्या खडकाखाली गोबीने किंवा कोलंबीने बोगदा काढला तर खडक कलंडतो आणि काच फुटते. खडक काचेवर घट्ट बसवून मग भोवतीने वाळू सोडा. पाणी भरलेले असेल तर पीव्हीसी पाइप तळापर्यंत नेऊन त्यातून ओता. पाणी एक-दोन दिवस गढूळ राहील. त्यासाठी कोणतेही औषध घालायची गरज नाही.

रोजचे, महिन्याचे

पहिल्या आठवड्यांत वाळूवर तपकिरी साय धरते. ते डायटम, काही आठवड्यांत आपोआप जातात. गडद लालसर, चादरीसारखा उचलला जाणारा थर दिसला तर ते सायनोबॅक्टेरिया: सायफनने ओढून काढा, त्या कोपऱ्यात झोत वाढवा, खाणे कमी करा. पण तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेले धागे दिसू लागले आणि टेस्टमध्ये नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य आले, तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट असतात, आणि तेव्हा आणखी साफसफाई करणे घातक ठरते. पाण्यात थोडे पोषण परत येऊ द्यावे लागते.

पाणी बदलताना तळाचा एक तृतीयांश भागच सायफन करा, पुढच्या वेळी दुसरा. सगळा तळ एकदम ढवळला तर जिवाणूंचे थर आणि दबलेली घाण एकाच वेळी पाण्यात येते. नळीचे रुंद तोंड वाळूत खुपसा. दाणे नळीत वर चढतात, फिरतात, आणि त्यांच्यातली मळकट धूळ वेगळी होऊन बादलीकडे जाते. दाणेही वर निघू लागले की नळीच्या दुसऱ्या टोकाशी अंगठा दाबून ओढ कमी करा. खडकांखाली पोचत नाही तिथे पिचकारीने पाणी मारून घाण उडवा आणि स्किमरला ओढू द्या. समोरच्या काचेलगत वाळूत हिरवा-जांभळा पट्टा दिसतो, त्याने घाबरू नका. तिथे बाहेरचा उजेड पडतो म्हणून तो असतो. आत तसे नसते.

तळ राखायला नॅसारियस गोगलगायी उत्तम. दिवसभर वाळूत दडून असतात, खाणे पडले की सोंड बाहेर काढून सगळ्या एकदम वर येतात. वाळू चाळणारा ॲस्ट्रोपेक्टेन तारामासा मात्र घेऊ नका. तो वाळूतले उपयोगी किडे फस्त करतो आणि लहान टाकीत काही महिन्यांत स्वतः उपाशी मरतो.

चुन्याचा दाणा फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातले फॉस्फेट कमी केले की तो साठा हळूहळू सोडू लागतो. पाणी बदलूनही आकडा हलत नसेल तर उत्तर तळात शोधा, आणि टप्प्याटप्प्याने, महिन्याला एक पट्टा याप्रमाणे, जुनी वाळू काढून नवी धुतलेली घाला.

वीज गेली तरी वाळूतले जिवाणू ऑक्सिजन वापरतच राहतात. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात, नेमक्या भारनियमनाच्या दिवसांत, शिल्लक कमी असते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे, आणि जाड तळ असेल तर दोन.

घर बदलताना टाकी वाळूसकट उचलू नका. खडक आणि जीव टाकीच्याच पाण्यात वेगळ्या डब्यांत हलवा; जुनी वाळू काढून नव्या घरी ताजी घाला, बिया म्हणून वरच्या थरातली एखादी वाटी पुरे. ढवळलेल्या जुन्या वाळूतला सल्फाइड आणि अमोनिया प्रवासात वाचलेले मासे दुसऱ्या दिवशी मारतो.

काढलेल्या वाळूचे काय करायचे हेही सांगितले पाहिजे, कारण इथे बहुतेक जण सरळ नाला किंवा खाडी गाठतात. त्या वाळूत दूरदूरच्या समुद्रांतले कृमी, शैवालांचे बारीक तुकडे आणि बीजाणू असतात. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाकीत शोभेसाठी वाढवले जाणारे शैवाल १९८४ साली मोनॅकोच्या त्याच संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात उगवलेले आढळले, आणि तिथून भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टरांत पसरले. २००० साली ते कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले तेव्हा ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले. पूर्ण निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला २००६ साल उजाडले. आपल्या खाड्यांना अशी पाळी येऊ देऊ नका. जुनी वाळू दोन-तीन दिवस नळाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग गच्चीवर पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवा, आणि त्यानंतरच ती सुक्या कचऱ्यात द्या.